दहा बाय अकराची खोली, एक रॅक, एक ट्रेडमिल आणि खालच्या मजल्यावरचं बाळ

पत्र असं आहे:

"ताई, तुझं सदर नेहमी वाचते, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. दोन वर्षं जिममध्ये वेट्स करतेय, पण जाण्यायेण्यात फार वेळ जातो म्हणून आता घरातच जिम करायचं ठरवलंय. एक खोली रिकामी आहे, १० बाय ११ फूट. एका १० फुटी भिंतीला पूर्ण कपाट आहे, २ फूट खोल, ते काढता येणार नाही. दार ११ फुटी भिंतीत कपाटाला लागूनच आहे आणि आत उघडतं, समोरच्या भिंतीत खिडकी. छत ९ फूट, मधोमध पंखा. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, बरोबर खाली जे कुटुंब आहे त्यांच्याकडे आठ महिन्यांचं बाळ आहे. मला रॅक, बार, बेंच आणि थोडे डंबेल्स हवेत, नवऱ्याला ट्रेडमिल. तो म्हणतो सगळं मावतं, कागदावर चौकोन काढून दाखवलेत त्याने. सासूबाईंना वाटतं स्लॅब कोसळेल. आणि मी ऑफर बघून घाईघाईत फोमच्या रंगीत पझल मॅट्स घेऊन बसलेय, २० नग, पॅकिंग अजून फोडलेलं नाही. सगळं मावेल का, जमिनीवर नक्की काय टाकू आणि खालच्यांना त्रास होऊ नये म्हणून काय करू? माझी उंची ५ फूट ३, नवरा ६ फूट. — फरशीच्या काळजीतली"

अगं, सगळ्यात आधी एक काम कर, त्या पझल मॅट्सचं पॅकिंग फोडलं नाहीस ते उत्तम केलंस, दुकानदार परत घेत असेल तर आजच परत देऊन टाक. का ते पुढे सांगते, कारण तुझ्या पत्रातला खरा घोळ मॅटचा नाहीये, त्या कागदावरच्या चौकोनांचा आहे.

कागदावर सगळंच मावतं गं. चौकोन हात पसरत नाही, प्लेट चढवायला बारच्या टोकाशी जाऊन वाकत नाही, तोल गेला तर दोन पावलं मागे येत नाही. तुझ्या नवऱ्याने मशीनची मापं घेतलीयेत, माणसाची घेतलीच नाहीत. घरच्या जिममध्ये मशीन जेवढी जागा खातं त्यापेक्षा जास्त जागा त्याच्या आजूबाजूला मोकळी ठेवावी लागते, आणि हीच मोकळी जागा बघून लोकांना वाटतं की अरे इथे अजून एक काहीतरी बसेल. तर कागद बाजूला ठेव आणि मास्किंग टेप आण. जमिनीवर टेपने रॅकचा, म्हणजे बार टेकवायच्या उभ्या चौकटीचा, पाया आख, बेंच आख, मग दोन झाडूंचे दांडे एकमेकांना बांधून बारच्या लांबीचा एक दांडा कर, तो खांद्यावर घेऊन खोलीत फिर, स्क्वॉटला बस, उठ, वळ. दार उघडून कुणाला तरी अचानक आत यायला सांग. दहा मिनिटांत कळतं काय कुठे अडतंय ते. मी हे केलं तेव्हा माझा दांडा पहिल्याच वळणाला ट्यूबलाइटवर आपटला होता, खरा बार असता तर काय झालं असतं याचा विचार नको.

आता तुझ्या खोलीचं गणित करू. कपाट गेलं की राहतात १० बाय ९ फूट, म्हणजे साधारण ३०५ बाय २७५ सेंमी. बार फक्त १० फुटी बाजूला समांतर ठेवता येईल, म्हणजे एक टोक दाराच्या भिंतीकडे आणि एक खिडकीकडे. नेहमीचा २० किलोचा ऑलिंपिक बार असतो २२० सेंमी, म्हणजे दोन्ही बाजूंना उरले ४२-४२. ऐकायला बरं वाटतं पण त्या बारचा प्लेट चढवायचा भाग, म्हणजे स्लीव्ह, तोच ४१ सेंमीच्या वर असतो, मग प्लेट आणि तुझे हात आणि तू, सगळं त्या ४२ सेंमीत घुसवायचं, रोज, प्रत्येक सेटला. होतं, पण वैताग येतो, आणि वैताग आला की माणूस वजन बदलायचा कंटाळा करतो. त्यापेक्षा तू १५ किलोचा बार घे, जो स्पर्धांमध्ये बायका वापरतात. तो २०१ सेंमी असतो. गंमत अशी की त्याचा मधला भाग, म्हणजे दोन कॉलरमधलं (स्लीव्ह जिथे सुरू होतात त्या कड्यांमधलं) अंतर, मोठ्या बारइतकंच असतं, १३१ सेंमी, म्हणून तो नेहमीच्या रॅकवर नीट बसतो, फक्त स्लीव्ह आखूड आणि पकडायचा रॉड २८ ऐवजी २५ मिलिमीटर जाड, तुझ्या हाताला तर सोयीचाच. दोन्ही बाजूंना ५२ सेंमी मिळतात. १० सेंमीने काय होतंय असं वाटेल, पण प्लेट काढताना कोपर भिंतीला घासतंय की नाही हे त्या १० सेंमीवरच ठरतं. बाजारात अजून आखूड बारही मिळतात, दीड मीटर वगैरे, पण त्यांचा मधला भागच छोटा असतो, रॅकच्या खांबांवर टेकतच नाहीत, विचारून घेतलं नाही तर फसायला होतं.

रॅक कपाटाच्या समोरच्या भिंतीला लाव. आणि चार खांबांचा मोठा पिंजरा नको, तो पुढे-मागेच १२० सेंमीच्या आसपास जातो आणि पुढे डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलायच्या व्यायामाला, जागा उरत नाही. पुढे-मागे कमी जागा घेणारा हाफ रॅक किंवा सेफ्टी आर्म, म्हणजे सुटलेला बार अडवणारे आडवे दांडे, असलेला स्क्वॉट स्टँड बघ. सेफ्टी आर्म हवेतच, घरात एकटी बेंच करणार आहेस, छातीवर बार अडकला तर काढायला कोणी नसतं, याबाबतीत पैसे वाचवू नकोस. भिंतीला लावायचा घडीचा रॅकही छान असतो पण तो फक्त भरीव विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर, पोकळ ब्लॉक किंवा पार्टिशन असेल तर विषय तिथेच सोड.

ट्रेडमिल. नवऱ्याला हा परिच्छेद वाचून दाखव. घरगुती ट्रेडमिल साधारण १८० सेंमी लांब धर. त्याच्या मागे २ मीटर मोकळी जागा हवी, दोन्ही बाजूंना किमान अर्धा मीटर. १८० अधिक २०० झाले ३८०. तुझी अख्खी खोली, कपाट तोडून फेकलं तरीही, ३३५ सेंमी आहे. म्हणजे रॅक नसला, बेंच नसला, काही म्हणजे काही नसलं तरी ट्रेडमिल त्या खोलीत नीट बसत नाही. मागची जागा हा काही नियमावलीतला हट्ट नाहीये, पाय घसरला की माणूस मागे फेकला जातो, मागे भिंत असेल तर भिंत आणि चालू पट्टा यांच्या मधे अडकतो आणि पट्टा कातडी सोलत राहतो. फोल्डिंगवाला घेऊ असं तो म्हणेलच. घडी घातल्यावर जागा वाचते ती न धावताना, धावताना तेवढीच लागते. हॉलमध्ये बसत असेल तर हॉलमध्ये ठेवा, तिथेही मागची बाजू मोकळी, त्यासाठी शक्यतो वेगळं सर्किट, आणि एक्स्टेंशन बोर्डवर तर नाहीच. पण खरं सांगू का, धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर खाली जातो, ८० किलोचा माणूस अर्धा तास धावला की खाली बाळाच्या डोक्यावर अर्धा तास धप धप धप. तुझ्या दिवसभरातल्या पंचवीस डेडलिफ्टपेक्षा ते जास्त जाचक. त्याला म्हणावं व्यायामाची सायकल घे, सव्वा मीटर बाय दोन फुटांत बसते, आवाज जवळजवळ नाही, आणि धावायचंच असेल तर बाहेर रस्ता आहे.

उंचीचं पण बघायला हवं, ते लोक शेवटी बघतात, बहुतेक वेळा पंखा वाकडा झाल्यावर. ९ फूट म्हणजे २७४ सेंमी. ६ फुटी माणसाने बार डोक्यावर पूर्ण उचलला की हाताची मूठ साधारण २३० च्या आसपास जाते, त्यावर प्लेटची त्रिज्या २२ सेंमी, खाली मॅटची जाडी २ सेंमी, झाले २५४. छताला लागत नाही, पण पंख्याची पाती छतापासून फूटभर खाली म्हणजे २४४ ला फिरतायत. समजलं ना. तुझ्या उंचीला मूठ २०० च्या आसपास, सगळं धरून २२५ च्या खाली राहशील, पण पात्यांच्या खाली वीसेक सेंमीवर बार नाचवायचा मला तरी धीर झाला नसता. पंखा काढून भिंतीवरचा लाव, तसाही वारा अंगावर पाहिजे, डोक्यावर नको. आणि माझ्या आकड्यांवर विसंबू नकोस, नवऱ्याला तो झाडूचा दांडा डोक्यावर धरून उभा कर, बुटांसकट, भिंतीवर पेन्सिलची खूण कर, त्यावर प्लेटचे साडेबावीस आणि मॅटचे दोन सेंमी मिळव. पाच मिनिटांचं काम.

आता जमीन.

फोम का नको ते आधी. फोमच्या पझल मॅटवर अंगठा दाबून बघ, आत जातो ना, तसाच बेंचचा पाय आत जातो आणि तसाच राहतो, महिन्याभरात चार खड्डे. पण खड्डे परवडले, खरा प्रश्न उभं राहण्याचा आहे. खांद्यावर ५०-६० किलो घेऊन मऊ जमिनीवर स्क्वॉटला बसलं की टाच आत रुतते, घोटा आत-बाहेर हलतो, गुडघा त्याच्या मागे जातो, आणि तू जो जोर जमिनीत देतेस त्यातला थोडा फोम दाबण्यातच जातो. गादीवर उभं राहून कपाटावरची बॅग काढून बघ, तसंच. योगा, स्ट्रेचिंग, पोटाचे व्यायाम यासाठी फोम उत्तम, वजनाखाली नाही. आणि हुशारी करून खाली फोम आणि वर रबर असं सँडविच करू नकोस, भरपूर लोक करतात, मग रॅक डुलायला लागला की माझ्याकडे पत्रं येतात. दुकानदार परत घेतच नसेल तर त्यातल्या सहा-सात कपाटासमोर स्ट्रेचिंगपुरत्या टाक, बाकीच्या एखाद्या लहान मूल असलेल्या घरी देऊन टाक. खालच्यांना दे की, बाळ आठ महिन्यांचं आहे, रांगायलाच लागलं असेल, आणि पुढच्या सगळ्या आवाजासाठी आधीच थोडी माया जमा होईल.

तुला पाहिजे ते भरीव रबर, साधारण २० मिलिमीटर जाड, मोठ्या शीटमध्ये. ४ बाय ६ फुटांच्या शीट मिळतात, मूळच्या घोड्यांच्या तबेल्यासाठी बनवलेल्या, पण वजनाच्या व्यायामाला याइतकं टिकाऊ काही नाही. तुला दोन पुरतात. आणि बघ कसं जमून आलंय, दोन शीट शेजारी शेजारी ठेवल्या की ८ बाय ६ फूट होतात, रॅकच्या भिंतीपासून ६ फूट पुढे येतात, आणि तुझं दार अडीच फुटी असेल तर ते आत उघडताना कपाटाच्या कडेपासून अडीच फूट येतं, म्हणजे रॅकच्या भिंतीपासून साडेसहा फुटांवर थांबतं. दार आणि मॅट यांची गाठच पडत नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण खोलीभर मॅट अंथरून मग दार उघडत नाही म्हणून सुताराला बोलावणारे मी पाहिलेत, दाराच्या खाली फट असते अर्ध्या इंचाची आणि मॅट पाऊण इंचाची. कपाटाची दारं बाहेर उघडत असतील तर त्यांच्यासाठीही उरलेली ३ फुटांची पट्टी मोकळी राहते. अख्खी खोली झाकायची काही गरज नाही, ते फोटोत छान दिसतं एवढंच.

एका शीटचं वजन ४५ किलोच्या आसपास असतं आणि त्याला धरायला काही नसतं, ओल्या चादरीसारखी लोंबते, तिसऱ्या मजल्यावर चढवताना गुंडाळून दोरीने बांधायची आणि दोन माणसं. लिफ्ट असेल तर देवच पावला.

घेताना दोन गोष्टी बघ. एक, वास. जुन्या टायरचा भुगा चिकटवून केलेलं रबर बरंच येतं, त्याला वास असतो, काहींचा इतका की डोकं धरतं. दुकानात नाक लावून बघायला लाजू नकोस. आणलं की दोन्ही बाजू सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन गच्चीत नाहीतर बाल्कनीत काही दिवस सावलीत ठेव, खोलीत टाकल्यावर पण खिडकी उघडी. दोन, कडेला भुगा सुटतोय का ते नखाने खरवडून बघ. सुटत असेल तर तो भुगा घरभर पायाला लागून फिरणार, पांढऱ्या टाइल्सवर तर विचारूच नकोस. रंगीत ठिपक्यांवर जास्तीचे पैसे घालवू नकोस, पूर्ण काळ्यावर धूळ जास्त दिसते हे खरं, पण पुसायचं तर दोन्ही लागतंच.

तुझ्याकडे टाइल्स आहेत म्हणून एक बरं आहे. कोणाकडे व्हिनाइलची जमीन असेल तर रबर त्यावर थेट टाकायचं नाही, रबरातली काही द्रव्यं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळट तपकिरी डाग पडतो, तो आतून पडतो त्यामुळे घासून जात नाही. मी माझ्या आधीच्या भाड्याच्या घरात हे करून बसले होते, घर सोडताना मॅट उचलली तर खाली मॅटचा हुबेहूब नकाशा, डिपॉझिटमधून जे काही कापलं गेलं त्यात अजून एक डंबेलची जोडी आली असती.

टाइल्सचं मात्र एक तपास. रॅक आणि प्लेट्स जिथे येणार तिथल्या प्रत्येक टाइलवर नाण्याने ठोकत जा. भरीव असेल तर टक टक असा बारीक, बसका आवाज येतो. खाली सिमेंट नीट भरलेलं नसेल तर डबडब असा पोकळ येतो, माठ वाजवल्यासारखा. अशी टाइल मॅटखाली असली तरी कोपऱ्यातून तडकते, मॅट असल्यामुळे तुला कळतही नाही. पोकळ टाइल बारच्या प्लेट्सच्या जागी येत असेल तर काढून परत बसवून घे नाहीतर सगळंच फूटभर सरकव. मॅट टाकायच्या आधी फरशी कोरडी ठणठणीत पुसून घे, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा कोपरा उचलून बघत जा, घाम आणि पोछ्याचं पाणी सांध्यातून खाली जाऊन बुरशी धरते. तळमजल्यावर असतीस तर ओल जमिनीतूनच येते का ते बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवायला सांगितलं असतं, खाली पाणी साठलं की समजायचं. तुला तिसऱ्या मजल्यावर ती भानगड नाही.

आता बाळाकडे येते, कारण इथे जवळपास सगळे चुकतात, मीही चुकले होते. मला वाटायचं जाड मॅट टाकली की आवाज संपला. नाही गं. मॅट तुझी फरशी वाचवते, खालच्यांचं छत नाही.

हिशोब बघ. ६० किलोचा बार गुडघ्याच्या उंचीवरून, अर्ध्या मीटरवरून सुटला. खाली आदळून तो किती अंतरात थांबतो त्यावर सगळा खेळ आहे. १ सेंमीत थांबला तर जमिनीला सरासरी त्याच्या वजनाच्या साधारण ५० पट धक्का बसतो, म्हणजे क्षणभर ३००० किलो. ५ सेंमीत थांबला तर १० पट, ६०० किलो. २० मिलिमीटरचं भरीव रबर दाबून दाबून दाबलं जातं किती, काही मिलिमीटर. म्हणजे मॅट असूनही तू त्या ५० पटच्या बाजूलाच आहेस, फक्त तो धक्का टाइलच्या एका बिंदूवर न पडता पसरून पडतो, म्हणून टाइल वाचते. धक्का तसाच स्लॅबमध्ये शिरतो आणि स्लॅब नगाऱ्याच्या कातड्यासारखा खाली वाजतो. प्लेटची खणखण हवेतून येते, ती रबराने जाते, दार लावल्याने जाते. हा धप्प मात्र इमारतीच्या अंगातून जातो, त्याला दार-बिर काही नाही.

म्हणून उपाय तीन, महत्त्वाच्या क्रमाने सांगते. पहिला, बार टाकायचाच नाही. उचललास तसा सावकाश खाली ठेवायचा, तीन मोजत. पेलून खाली ठेवता येत नाही एवढं वजन या खोलीत उचलायचंच नाही, ते हवं असेल तेव्हा जिमचा एका दिवसाचा पास काढून तिथे जा. स्नॅच, क्लीन असले बार वरून सोडायचे प्रकार तर नाहीच. दुसरा, डेडलिफ्टला दोन्ही प्लेट्सखाली जाड मऊ ड्रॉप पॅड, सात-आठ सेंमीचे, म्हणजे थांबायला खरंच अंतर मिळतं. फोम इथे चालतो, कारण त्यावर तू उभी नाहीस, प्लेट उभी आहे. पॅडमुळे बार तेवढा वर येतो, मग डेडलिफ्ट अर्धवट होते, त्यासाठी पायाखाली प्लायवूडचे तुकडे एकावर एक स्क्रूने घट्ट बसवून तेवढीच उंची कर. तिसरा, प्लेट्स लोखंडी न घेता रबरी बंपर घे. आवाज कमी हा फायदा आहेच, पण दुसरा मला जास्त आवडतो, बंपर प्लेट ५ किलोची असो की २० ची, व्यास ४५ सेंमीच, म्हणून हलक्या वजनालाही बार बरोबर उंचीवर राहतो, लोखंडी छोट्या प्लेट्स लावल्या की बार नडगीवर फार खाली जातो आणि कंबर वाकवून उचलावं लागतं.

आणि एकदा खाली जा. खरंच जा, त्या बाळाच्या आईला विचारून त्यांच्या त्या खोलीत पाच मिनिटं बस आणि नवऱ्याला वर पाच डेडलिफ्ट करायला सांग, मग डंबेल खाली ठेवायला सांग, मग नुसतं बेंच सरकवायला सांग. मी माझ्या खालच्या आजींकडे अशी बसले होते. डेडलिफ्टचं मला टेन्शन होतं, ते जेमतेम ऐकू आलं. बेंच सरकवल्याचा आवाज मात्र असा आला की मीच दचकले, आजी म्हणाल्या हां हेच ते, मला वाटायचं तुम्ही रोज कपाट हलवता. तेव्हापासून बेंच उचलून ठेवते. बाळाच्या झोपेच्या वेळा पण विचारून घे, त्या वेळांत सायकल आणि स्ट्रेचिंग, बाकीच्या वेळी वजनं.

सासूबाईंची भीती चेष्टेवर नेऊ नकोस, प्रश्न बरोबर आहे त्यांचा. राहत्या घरांचे स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो वापराचं वजन धरून डिझाइन करतात, जिमसाठीच्या इमारतीत ते ५०० च्या आसपास धरतात. तुझी खोली कपाटासकट १० चौरस मीटर, म्हणजे सगळीकडे सारखं पसरलं तर २००० किलो. आता तुझं सामान बघ, रॅक ९०, प्लेट्स १२०, बार १५, बेंच २५, डंबेल्स ८०, दोन मॅट्स ९०, तुम्ही दोघं १४०. सगळे मिळून ५६०. कपाटात कपडे-पुस्तकं गच्च भरलेली असली तरी फरक बराच आहे. म्हणजे नुसत्या वजनाने नीट बांधलेला, नीट राखलेला स्लॅब कोसळत नाही, त्यांना हा हिशोब दाखव. पण हे स्थिर वजनाचं झालं, आपटण्याचं नाही, ते वर सांगितलंच. आणि छताला किंवा खालच्यांच्या छताला तडे असतील, प्लास्टर फुगलं असेल, गंजलेली सळई दिसत असेल तर मग माझं गणित गुंडाळून ठेव आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलाव. जड सामान, म्हणजे प्लेट्स आणि डंबेल्सचा स्टँड, भिंतीच्या कडेला, शक्यतो खाली तुळई असेल त्या बाजूला, खोलीच्या मधोमध ढीग नको. आणि उद्या जागा कमी पडली म्हणून बाल्कनीत प्लेट्स ठेवायचा मोह झाला तर तो मोडून काढ, बाल्कनी बहुतेक वेळा एकाच बाजूने धरलेली असते.

आरसा लावणार असशील तर खालची कड जमिनीपासून ५० सेंमीच्या वर ठेव. प्लेट ४५ सेंमीची, भिंतीला टेकवून ठेवलेली सुटून गडगडली तर भिंतीला लागेल, काचेला नाही.

खरेदीचा क्रम पण उलटा कर. लोक आधी रॅक आणतात, जोडतात, प्लेट्स चढवतात आणि मग मॅट आठवते, मग सगळं परत सोडवा. आधी टेप, मग पंखा, मग नाण्याची टकटक, मग मॅट, मॅटचा वास जाईपर्यंत रॅकची ऑर्डर दे. मॅट आणल्या आणल्या कापू नकोस, एक दिवस सपाट पसरून ठेव, गुंडाळीचा बाक जातो आणि रबर खोलीच्या तापमानाला येतं. भिंतीपासून अर्धा सेंमी फट सोड, उन्हाळ्यात ते फुगतं आणि जागा नसली की मधेच टेकाड येतं. तुला बहुधा फक्त रॅकच्या मागचा स्कर्टिंगचा किंवा खांबाचा कोपरा कापावा लागेल. खडूने रेघ मार, वर जाड लोखंडी पट्टी दाबून धर, कटरने एकदम जोर लावू नकोस, पहिल्यांदा नुसती ओरखड, मग त्याच रेघेवर परत परत, खाली लाकडाचा तुकडा सरकवून कापलेली फट थोडी उघडी ठेव, पात्याला साबणाचं पाणी लाव म्हणजे अडकत नाही. आणि ब्लेडं दोन जास्तीची आणून ठेव, पहिलं तर पहिल्याच कोपऱ्याला बोथट होतं.